पाठीवर पॅराशूट, तरी पट्टा का? टेकऑफच्या पहिल्या मिनिटाची गोष्ट

नागपूरहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आणि ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा बॉस शेजारी बसलाय, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी भाग. बोललेलंच आहे, फक्त 'अं' आणि 'म्हणजे ना' थोडे गाळलेत.

आजचा विषय एका प्रश्नातून आलाय. साहसी खेळांबद्दल बोललो की कोणीतरी हे विचारतंच: "स्कायडायव्हिंगच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? सगळ्यांच्या पाठीवर पॅराशूट असतंच की. मारायची उडी, खतम!"

प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर मात्र उलटं आहे. विमान जमिनीवरून उठल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात इंजिनानं दगा दिला, तर पाठीवरचं पॅराशूट हे फक्त ओझं असतं. त्या मिनिटात तुमचा जीव दोनच गोष्टींवर टांगलेला असतो: पायलटच्या डोक्यात आधीच पक्कं असलेला निर्णय, आणि तुमच्या कमरेचा पट्टा. हो, तोच पट्टा, जो आपण रामदासपेठेत कारमध्येसुद्धा पोलीस दिसल्यावर लावतो.

2 जुलै 2025. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये क्रॉस कीज नावाचा छोटा विमानतळ. स्कायडायव्हर्सना घेऊन सेसना 208 जातीचं विमान उडालं. आत 15 जण. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनात गडबड झाली, विमान परत फिरलं, पण धावपट्टीवर थांबू शकलं नाही. टोकाच्या पुढं जाऊन झाडीत घुसलं. बऱ्याच जणांना मार लागला, काहींना जास्त. पण 15 च्या 15 जिवंत राहिले. बातमीखालच्या कमेंट्समध्ये तोच प्रश्न होता: उड्या का नाही मारल्या?

तर आधी हिशेब करू या. स्कायडायव्हिंगचं विमान साधारण मिनिटाला हजार फुटांच्या आसपास वर चढतं. कमीजास्त होतं, पण डोक्यात ठेवायला हा आकडा बरा. म्हणजे टेकऑफनंतर अर्ध्या मिनिटानं तुम्ही 500 फुटांवर आहात. तिथून माणूस नुसता खाली पडला तर जमिनीवर यायला सहा सेकंद लागतात. हजार फुटांवरून आठ-नऊ सेकंद. आणि टँडम पॅराशूट, म्हणजे ज्यात तुम्ही इन्स्ट्रक्टरच्या छातीला बांधलेले असता ते, पूर्ण फुलायला चार-सहा सेकंद तरी घेतं. वर दार एकच. आत पंधरा माणसं. पहिला बाहेर पडून दुसरा दारात येईपर्यंतच एक-दोन सेकंद जातात. शेवटचा माणूस दारापर्यंत पोहोचेल तेव्हा विमान शेतात टेकलेलं असेल.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पॅराशूटमध्ये एक छोटं यंत्र असतं, माणूस बेशुद्ध पडला तरी ठराविक उंचीवर आपोआप राखीव पॅराशूट उघडणारं. ते यंत्र काही उंची ओलांडल्याशिवाय जागंच होत नाही. बरोबरच आहे, नाहीतर जमिनीवर बसल्या-बसल्या उघडेल. म्हणजे पहिल्या मिनिटात तो रखवालदारही झोपलेला.

म्हणून जगभर या खेळात ठोकताळा असा आहे: साधारण हजार फुटांच्या खाली काही झालं, तर कोणीही उडी मारायची नाही. सगळ्यांनी विमानासोबतच उतरायचं. जसं उतरेल तसं.

उंची असेल तर गोष्ट एकदम बदलते. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्कायडायव्हर्सची दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. एक विमान तुटलं, आग लागली. दोन्हीत मिळून 11 जण होते. आणि सगळे वाचले! कारण हे घडलं जवळपास 12 हजार फुटांवर. नऊ स्कायडायव्हर्सनी उड्या मारल्या, तुटलेल्या विमानाच्या पायलटकडेही आपत्कालीन पॅराशूट होतं, तोही उतरला, दुसऱ्यानं मोडकं विमान खाली आणलं. हवेत विमानांची टक्कर, आणि मृत्यू शून्य. उलट 400 फुटांवर साधं इंजिन बंद पडलं तर माणसं मरतात. ऐकायला विचित्र आहे, पण या खेळात उंची म्हणजे वेळ, आणि वेळ हाच खरा पॅराशूट.

सोनेगावची ती रात्र

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. नागपूरचा काय संबंध? स्कायडायव्हिंगचा असा अपघात नागपुरात नाही, पण टेकऑफला इंजिन जाणं म्हणजे काय, हे आपल्या सोनेगाव विमानतळानं फार जुन्या काळी पाहिलंय. नागपुरातल्या आपल्या पिढीतल्या कितीजणांना हे माहीत आहे, मला शंका आहे.

1949 च्या जानेवारीत देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किदवई. आयडिया एकदम देशी जुगाड होती, पण जबरदस्त. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास कुठं भेटायची? नागपुरात! झिरो माईलचं गाव ना आपलं. चारही शहरं इथून साधारण 700 ते 1000 किलोमीटरवर. तेव्हाची डाकोटा विमानं ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास उडायची, म्हणजे तीन-चार तासांचा पल्ला. सोनेगावला पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. सोबत थोडे प्रवासीही नेत. कल्पना करा, अख्खं नागपूर झोपलंय आणि सोनेगावच्या अंधारात चार विमानं पिशव्या बदलतायत. आज मिहानच्या कार्गो हबबद्दल एवढं बोलतात, पण नागपूर तेव्हाच देशाचं कार्गो हब होतं. असो.

12 डिसेंबर 1953. इंडियन एअरलाइन्स कंपनी सुरू होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते, सगळ्या खाजगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून ती त्याच वर्षी 1 ऑगस्टला उभी राहिली होती. टपालसेवेतल्या तिच्या एका डाकोटानं नागपूरहून उड्डाण केलं. विमान जमिनीवरून उठलं आणि डाव्या इंजिनाची ताकद गेली. पायलटनं इमर्जन्सी लँडिंगचा प्रयत्न केला. तो फसला. विमानात 14 जण होते. 13 गेले. वाचला तो एकटा पायलट. मरण पावलेल्यांत कामगार चळवळीतले मोठे नेते, इंटकचे आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्रीही होते.

इथं कोणाच्याही डोक्यात येईल: डाकोटाला तर दोन इंजिनं असतात! एक गेलं तर दुसरं आहेच ना?

दोन भावांचा पगार

याचं उत्तर मी घरखर्चानं समजावतो. समजा एका घरात दोन भाऊ कमावतात, दोघांना 20-20 हजार. घरात येतात 40 हजार. घरभाडं, किराणा, आईचं औषध, सगळं मिळून खर्च 18 हजार. शिल्लक 22 हजार, त्यातून मजेत ईएमआय चाललाय. आता एकाची नोकरी गेली. उत्पन्न निम्मं झालं. पण शिल्लक? 22 वरून थेट 2 हजार. उत्पन्न पन्नास टक्के घटलं, बचत नव्वद टक्के घटली.

विमानाचंही तसंच. इंजिनांच्या ताकदीचा मोठा भाग नुसतं हवेत टिकून राहण्यात खर्च होतो. वर चढणं होतं ते उरलेल्या शिलकीतून. छोट्या दोन इंजिनी विमानाचं एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी होते. विमान जड असेल, हवा गरम असेल, तर शिल्लक शून्याखाली. मग दुसरं इंजिन सुरू असलं तरी विमान हळूहळू खालीच येतं. मोठ्या जेट विमानांना एका इंजिनावर टेकऑफ पूर्ण करता येईल इतकी ताकद ठेवणं नियमानंच बंधनकारक आहे. छोट्यांचं तसं नाही, आणि स्कायडायव्हिंगमध्ये वापरतात ती बहुतेक छोटीच.

वर अजून एक कटकट. एका बाजूचं इंजिन बंद आणि दुसऱ्या बाजूचं पूर्ण जोरात, म्हणजे विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळायला लागतं. बैलगाडीचा एक बैल बसला की गाडी जशी फिरते तशी. पायलटला उलट्या बाजूचा पेडल जोरात दाबून नाक सरळ ठेवावं लागतं. त्यात बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यानं नुसता फिरत राहिला तर तो हवेला भिंतीसारखा अडतो. म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या दिशेनं कडेवर वळवायची असतात. त्याला 'फेदर' करणं म्हणतात. हे सगळं काही सेकंदांत, जमीन समोर दिसत असताना. आणि 1953 मध्ये तर रात्रीच्या अंधारात, सोनेगावच्या आसपास शेतं आणि झाडं असताना.

आणि याच घाईत होते ती भयंकर चूक: चुकीचं इंजिन बंद करणं.

22 एप्रिल 1992. कॅलिफोर्नियातलं पेरिस व्हॅली, स्कायडायव्हर्सची पंढरीच म्हणा. 22 जणांना घेऊन ट्विन ऑटर विमान उडालं आणि उजव्या इंजिनाची ताकद गेली. कारण काय, तर इंधनात पाणी! दूषित इंधन भरलं गेलं होतं. इतकी क्षुल्लक गोष्ट. प्रत्येक शिकाऊ पायलटला पहिल्या दिवसापासून शिकवतात की उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून बघायचं, पाणी जड असल्यानं खाली बसलेलं दिसतं. इंजिन गेल्यावर पायलटनं पंखा फेदर केला, पण चालू इंजिनाचा. म्हणजे एक इंजिन पाण्यानं गेलं, दुसरं हातानं. 16 जण मरण पावले. सहा वाचले. त्यातला एक होता डॅन ब्रॉडस्की-चेनफेल्ड. मान मोडली होती, कोमात गेला होता, आणि तरी पुढं स्कायडायव्हिंगचा जागतिक विजेता झाला.

तुम्हाला वाटेल हे जुन्या काळातलं. 2015 च्या फेब्रुवारीत तैवानमध्ये ट्रान्सएशियाचं प्रवासी विमान टेकऑफनंतर नदीत कोसळलं, 43 जण गेले. तिथंही एका इंजिनात बिघाड झाला आणि कॉकपिटमध्ये चांगल्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढला गेला. म्हणून पायलटना एक मंत्र घोकायला लावतात: 'डेड फूट, डेड इंजिन'. ज्या पायाला जोर लावावा लागत नाहीये, त्याच बाजूचं इंजिन मेलेलं. डोकं गोंधळतं, पाय सहसा गोंधळत नाही.

मुंबईचंही एक उदाहरण सांगतो, कारण त्यात प्रकार थोडा वेगळा आहे. 12 ऑक्टोबर 1976, सांताक्रूझ. मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल जेटचं इंजिन नुसतं बंद पडलं नाही, आतून फुटलं. कॉम्प्रेसरच्या एका चकतीला धातू थकून तडा गेला होता. तुकड्यांनी इंधनाची नळी कापली, आग लागली. वैमानिकांनी विमान फिरवून परत धावपट्टीकडं आणलंही होतं. पण आगीनं हायड्रॉलिक तेल संपवलं आणि अगदी शेवटच्या क्षणी विमानावरचा ताबाच गेला. 95 जण होते, कोणीच वाचलं नाही. म्हणजे इंजिन 'जाणं' आणि इंजिन 'फुटणं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागे वळायचं की नाही?

आता एकच इंजिन असलेल्या विमानाकडे येऊ. न्यू जर्सीतलं सेसना 208 तसंच होतं. जगभर स्कायडायव्हिंगसाठी हे खूप वापरतात, मजबूत विमान आहे.

एकुलतं इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडतं, हा सिनेमानं पसरवलेला गैरसमज. विमान तरंगत तरंगत उतरतं, म्हणजे ग्लाइड करतं. प्रश्न एवढाच की कुठं?

माणसाचं मन म्हणतं, धावपट्टी मागे आहे, आत्ताच तर सोडली, वळू आणि उतरू. याच वळणाला पायलट लोकांनी नाव ठेवलंय, 'इम्पॉसिबल टर्न'. का? एक तर 180 अंश वळून भागत नाही. वळता वळता तुम्ही धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला जाता, मग पुन्हा तिच्याकडं वळावं लागतं. धरून चला एकूण 270 अंशांच्या आसपास. प्रत्येक अंशाला उंची जाते. दुसरं म्हणजे वाऱ्याकडं तोंड करून उडालेलं विमान आता वाऱ्याच्या पाठीवर बसून येतं, त्यामुळं जमिनीवरचा वेग वाढतो आणि धावपट्टी पुरत नाही.

तिसरं कारण सगळ्यात घातक. विमानाला हवेत राहायला एक किमान वेग लागतो. त्याखाली गेलं की पंख हवा पकडेनासे होतात, त्याला 'स्टॉल' म्हणतात. गंमत अशी की विमान तिरकं केलं की हा किमान वेग वाढतो. 45 अंश तिरकं केलं तर सुमारे 19 टक्क्यांनी, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. म्हणजे इंजिन बंद, वेग कमी होतोय, जमीन जवळ येतेय म्हणून पायलट घाईत विमान जास्त तिरकं करतो, नाक वर ओढतो, आणि नेमकं तेव्हाच विमान जास्त वेग मागत असतं. एक पंख आधी स्टॉल होतो, विमान गिरकी घेतं. दोन-तीनशे फुटांवरून सावरायला जागा नसते.

म्हणून शिकवण सरळ आहे, आणि पाळायला अवघड: उंची कमी असेल तर समोरच उतरा. शेत, रस्ता, माळरान, जे समोरच्या टप्प्यात असेल ते. विमान मोडेल. मोडू द्या. ताब्यात असलेलं विमान कमी वेगानं, पोटावर, शेतात घुसलं तर माणसं वाचण्याची शक्यता बरीच असते. ताबा सुटलेलं विमान नाकावर पडलं तर नसते.

2009 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीत विमान उतरवलं होतं, आठवतंय? सिनेमाही आला. पक्ष्यांनी दोन्ही इंजिनं बंद पाडली, उंची होती साधारण 2800 फूट. 155 च्या 155 वाचले. नंतर सिम्युलेटरमध्ये तपासलं की परत फिरून धावपट्टी गाठता आली असती का. त्याच क्षणी वळलं तर काही प्रयत्न यशस्वी झाले. पण काय झालंय हे समजून निर्णय घ्यायला माणसाला लागणारे 35 सेकंद त्यात धरले, तर विमान पोहोचलं नाही. म्हणजे कॅप्टनचा नदीचा निर्णय बरोबर होता. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला तर तो 'नाही, परत नाही वळायचं' असं स्वतःला वेळेत सांगण्याचा किस्सा वाटतो.

चांगले पायलट हा निर्णय हवेत घेतच नाहीत. ते धावपट्टीवर थांबलेले असतानाच स्वतःशी मोठ्यानं बोलतात: इतक्या फुटांच्या आत इंजिन गेलं तर समोर, त्या डावीकडच्या शेतात, इतक्या फुटांच्या वर गेलो असेन तरच वळणार. नंतर फक्त ठरलेलं करायचं असतं.

नागपूरचा मे महिना

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास सांगायलाच हवी. उन्हाळा. गरम हवा विरळ असते. पंखांना धरायला हवा कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी, इंजिनाला ओढायला हवा कमी. तिहेरी फटका.

आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. पण मे महिन्यात 45 अंशांची दुपार असेल, तर विमानाला वाटतं आपण जवळपास 5000 फुटांवर आहोत. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच! आपण घाम पुसत उभे, आणि विमान मनानं थंड हवेच्या ठिकाणी. मोठ्या धावपट्टीवर हे खपून जातं, आपली 3200 मीटर लांब आहे. पण स्कायडायव्हिंग चालतं ते छोट्या धावपट्ट्यांवर. तिथं तेच विमान तेवढ्याच माणसांना घेऊन जास्त धावेल, हळू चढेल, आणि इंजिनानं खोकलं तर पायलटच्या हातात उंची कमी असेल. म्हणून सकाळची उडी नुसती फोटोसाठी चांगली नसते. उन्हाळ्यात भर दुपारचा स्लॉट स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका, एवढं साधं आहे.

विमानाच्या आत काय असतं

ज्यांनी अजून उडी मारली नाही त्यांना सांगतो, स्कायडायव्हिंगच्या विमानात आपल्या इंडिगोसारख्या सीट नसतात. सीट काढून टाकलेल्या असतात. माणसं जमिनीवर किंवा बाकावर, एकमेकांच्या पायांत, बहुतेक वेळा शेपटीकडं तोंड करून बसतात. वजन वाचतं, जागा वाचते, उतरायला सोपं. पट्टे असतात, पण ते जमिनीला अडकवलेले, आणि तुमच्या हार्नेसमधून ओवायचे.

29 जुलै 2006, मिसूरी राज्यातलं सलिव्हन. आठ जणांचं ट्विन ऑटर उडालं आणि लगेच उजव्या इंजिनातून ज्वाळा निघाल्या, टर्बाइनची पाती तुटली होती. पायलटला वेग टिकवता आला नाही. सहा जण गेले, दोघे जबर जखमी होऊन वाचले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं इंजिनाबरोबर पट्ट्यांवरही बोट ठेवलं: धक्का बसल्यावर माणसाला जागेवर धरून ठेवतील असे परिणामकारक पट्टे नव्हते. एका टोकाला अडकवलेला पट्टा माणसाला थांबवत नाही, गोफणीसारखा फिरवतो. आणि पट्टा न लावलेला माणूस फक्त स्वतः मरत नाही, तो पुढच्यावर आदळतो. सत्तर किलोचा माणूस, वर पॅराशूट, वर हेल्मेट.

2008 मध्ये त्याच यंत्रणेनं सगळा हिशेब मांडला. अमेरिकेत 1980 पासून स्कायडायव्हिंगच्या विमानांचे 32 अपघात, 172 मृत्यू. मरणारे बहुतेक स्कायडायव्हर्स, ज्यांच्या पाठीवर पॅराशूट होतं. कारणं वाचून वैताग येतो: विमानांची देखभाल कच्ची, पायलटचं प्रशिक्षण अपुरं, सरकारी देखरेख ढिली. पॅराशूटच्या प्रत्येक दोऱ्याची तपासणी करणारे लोक विमानाच्या बाबतीत 'चलता है' म्हणत होते!

आणि प्रत्येक वेळी इंजिनच दोषी असतं असंही नाही. जुलै 2021 मध्ये स्वीडनमध्ये ऑरेब्रोला विमान टेकऑफलाच कोसळलं, नऊही जण गेले. तिथं वजन जास्त आणि मागच्या बाजूला झुकलेलं होतं, सेटिंगही टेकऑफची नव्हती. स्कायडायव्हर्स उत्साहात दाराकडं सरकले की विमानाचं नाक वर जातं. म्हणून "बसून रहा, पट्टा काढू नका" हे इन्स्ट्रक्टर ओरडून सांगतो तेव्हा तो मास्तरकी करत नसतो.

मग, बुकिंग करू की नको?

करा की! मी कुणाला घरी बसवायला आलेलो नाही. आपल्या पुण्याच्या शीतल महाजननं 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आयुष्यातली पहिलीच. पुढं दक्षिण ध्रुव, नऊवारी नेसून थायलंडमध्ये, 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर. पद्मश्री आहे ती. नागपूरहून आपल्याला उज्जैनचा स्कायडायव्हिंग महोत्सव गाठता येतो, हरियाणात नारनौललाही उड्या चालतात. इन्स्टावर रील पाहून पोरं ग्रुपनं बुक करतात, चांगलं आहे.

फक्त फोनवर बुकिंग करताना आपण काय विचारतो? व्हिडिओ मिळेल का, गोप्रो हाताचा की वेगळ्या कॅमेरामनचा, वजन किती चालतं. त्यात दोन-तीन प्रश्न अजून घाला. विमान कोणतं आहे, आणि आत प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा आहे का? किती उंचीपर्यंत लावून ठेवायचा? (हजार-दीड हजार फुटांच्या आसपासचा आकडा लगेच सांगितला तर समजा माणूस जागा आहे. "अरे भाऊ, टेन्शन नको घेऊ" म्हणाला तर मी पैसे भरणार नाही.) टेकऑफला इंजिन गेलं तर आम्ही काय करायचं, हे ब्रीफिंगमध्ये सांगता का? हा तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटते, कारण बाकीचे हसतात. हसू द्या.

वजन खरं सांगा. हे मनापासून सांगतोय. चार किलो कमी सांगणारे पंधरा जण एकत्र आले की विमानात एक अदृश्य सोळावा माणूस बसतो, आणि पायलटच्या हिशेबात तो नसतो.

विमानात बसल्यावर पट्टा ओवा, ओढून घट्ट करा. हेल्मेट असेल तर डोक्यावर ठेवा, मांडीवर नाही, सैल हेल्मेट धक्क्यात दगडासारखं उडतं. पॅराशूटच्या हँडलवर हात ठेवून सांभाळा, ते कशात अडकून आतच उघडलं तर वेगळाच गोंधळ. इंजिनाचा आवाज बदलला तर उठू नका, दाराकडं पाहू नका, तुमच्या इन्स्ट्रक्टरकडं पाहा. तो 'बसा' म्हणाला तर हनुवटी छातीला, हात डोक्यावर, शेजाऱ्याला टेकून बसा. तो 'चला' म्हणाला तर तुम्ही त्यालाच बांधलेले आहात, वेगळं काही ठरवायचं नाहीये. टँडममध्ये निर्णय त्याचा असतो, आणि खरं सांगू, त्या क्षणी ही मोठी सोय आहे.

उंचीमापक मनगटावर असेल तर पहिला एक मिनिट रील शूट करण्याऐवजी त्याच्याकडं बघत राहा. काटा हजार ओलांडतो, मग दीड हजार. त्यानंतर इन्स्ट्रक्टर पट्टे काढायला सांगेल. तिथून पुढं तुमच्या पाठीवरचं, म्हणजे खरं तर त्याच्या पाठीवरचं, पॅराशूट कामाचं होत जातं. तेव्हा काढा मोबाईल. तेवढ्यात ढगही जवळ आलेले असतात.